लोखंडी पायमोज्यांचं अल्टर: आधी कड्या कापू की पट्टे बदलू?

कडीकोयंडा

नमस्कार मंडळी. विषय जरा वाकडा आहे, पण इथे समईच्या डागापासून सोसायटीच्या गळक्या टाकीपर्यंत सगळ्याला उत्तर मिळतं, म्हणून विचारते.

मी इंग्लंडमध्ये वुस्टरशायरला राहते आणि इथल्या एका हौशी गटात आहे. आम्ही तेराव्या शतकातलं बॅरन लोकांचं, म्हणजे मोठ्या सरदारांचं, राजाविरुद्धचं बंड त्या काळच्या वेशात, लुटुपुटूच्या लढाईसकट उभं करतो. एका बाजूला राजपुत्र एडवर्ड, दुसऱ्या बाजूला बंडखोरांचा पुढारी सायमन द माँफर्ट. हा सायमन ४ ऑगस्ट १२६५ ला एव्हशॅमला पडला, ते गाव माझ्या घरापासून जवळच आहे. आतापर्यंत मी भालाईत होते, अंगात नुसतं ठासून भरलेलं जाड डगलं. आता बढती मिळाली, म्हणून पायांसाठी कड्यांची जाळी घेतली. याला शोस म्हणतात. विजार नव्हे, दोन पायांचे दोन सुटे लांब मोजे, मांडीपासून पावलापर्यंत, वरून चामड्याच्या वाद्यांनी कमरेच्या पट्ट्याला बांधायचे. एक ओळ रिवेट मारलेल्या कड्यांची, एक ओळ अखंड कड्यांची. आतला व्यास ८ मिमी, साधं पोलाद, जस्ताचा मुलामा नाही. जोडी सात किलोच्या आसपास भरते.

माप अर्थातच इथल्या उंच पुरुषाचं. मी पाच फूट तीन. मांडीला घट्ट, पोटरीला ढगळ, आणि घोट्यावर सगळा ढीग. गुडघा टेकला की मागच्या लवणीत जाळीची घडी अडकते आणि उठताना कातडीला चिमटा बसतो. कमरेचा पट्टा हळूहळू सरकत खाली येतो, त्याच्यामागे बाकी सगळं.

प्रश्न असा: पोटरीमागून कड्या कापून पाचर काढावी आणि परत जोडावं, की पट्टे आणि वाद्या बदलून भागेल? गटातले लोक दोन्ही सांगतात, तेही छातीठोकपणे. इथे कुणाला अनुभव आहे का?

बिनपाण्याची_मिसळ

कोपऱ्यावरच्या टेलरला द्या. "मंगळवारी या" म्हणेल. कुठल्या मंगळवारी ते विचारायचं नाही.

परखड_बोल

आपल्याकडे एवढे गडकोट, एवढा इतिहास पडलेला असताना इंग्रजांच्या आपसांतल्या भांडणासाठी सात किलो लोखंड पायात अडकवायची हौस कळली नाही. असो. ज्याची त्याची आवड.

कडीकोयंडा

@परखड_बोल, राहते तिथलं शेत, तिथली नदी, तिथली लढाई. पुण्यात असते तर सिंहगडावर गेले असते. आणि गंमत सांगू? ज्या पोत्यातून जाळी आली त्यावर "मेड इन इंडिया" छापलंय. जगात हौशी लोक जी रेडिमेड जाळी घालतात त्यातला फार मोठा वाटा आपल्याकडे, उत्तर भारतातल्या कारखान्यांतच तयार होतो. एकेक कडी हातानं ओवून, रिवेट दाबून.

बिनपाण्याची_मिसळ

म्हणजे माल उत्तर भारताचा, पाय महाराष्ट्राचे, लढाई इंग्लंडची आणि सल्ला द्यायला सदाशिव पेठ. याला म्हणतात जागतिकीकरण.

निवृत्त_फिटर

साहेब, मी चिलखत कधी केलं नाही, पण चाळीशीपर्यंत पत्र्याचं आणि नंतर रिवेटचंच काम केलं. दोन गोष्टी विचारतो. रिवेट गोल डोक्याचे आहेत की पाचरीसारखे त्रिकोणी? आणि कडी रिवेटच्या जागी चपटी केलेली आहे की सगळीच चपटी? त्यावर पुढचं हत्यार ठरेल. एक साफ फोटो टाका, आतल्या बाजूचाही.

कडीकोयंडा

साहेब नाही काका, बाई. 😀 रिवेट त्रिकोणी, एका बाजूने घुसवून दुसऱ्या बाजूला दाबलेले. कड्या सगळ्याच चपट्या. फोटो संध्याकाळी टाकते.

निवृत्त_फिटर

बरं ताई. मग ऐका. अखंड कडीला हात लावायचा नाही, ती कापली की वाया गेली. प्रत्येक अखंड कडी वरच्या दोन आणि खालच्या दोन रिवेटच्या कड्यांत अडकलेली असते. म्हणून ज्या रेषेत जाळी सोडवायची, त्या रेषेतल्या फक्त रिवेटच्या कड्या साइड कटरने कापा. अखंड कड्या आपोआप सुट्या होऊन हातात येतील, त्या डब्यात ठेवा, परत लागतील. रिवेट कानसून काढत बसू नका, वेळ जातो आणि भोक मोठं होतं. नवी कडी स्वस्त आहे.

जोडताना नवी रिवेटची कडी उघडायची ती दोन पकडींनी आडवी पिळून, टोकं एकमेकांपासून ओढून नाही. ओढलीत तर परत गोल येत नाही. मग वरच्या दोन, खालच्या दोन अखंड कड्या ओवा, भोकं जुळवा, रिवेट घाला आणि रिवेट दाबायच्या पकडीने दाबा. ती पकड विकत मिळते, नाहीतर साध्या पकडीच्या जबड्यात रिवेटच्या टोकाला जागा राहील एवढा खळगा करून घ्या. डोळ्यांवर चष्मा पाहिजे. कापलेला तुकडा उडतो तो सरळ डोळ्याकडे येतो, माझ्या शॉपमध्ये हे बघितलंय. आणि काम झाल्यावर खाली चुंबक फिरवा. अनवाणी चालणाऱ्यांच्या घरात हे काम करताय.

राईनकाठचा_राजाभाऊ

फिटर काकांनी सांगितलेली पद्धत बरोबर आहे, पण कात्री नंतर. मी जर्मनीत बरीच वर्षं तेराव्या शतकातलंच करतो, माझे मत स्पष्ट आहे: दहांपैकी आठ वेळा जाळी ढगळ नसते, ती चुकीच्या जागी लटकलेली असते.

पहिली गोष्ट, आत काय घालता? नुसत्या लेगिंगवर मोजलंत तर सगळं ढगळच दिसणार. त्या काळी आत लोकरी मोजे असत, आणि मांडीवर भरलेलं कापडही दिसतं. पॅरिसमध्ये १२४०-५० च्या सुमाराला रंगवलेलं एक चित्रमय बायबल न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. आमच्या छंदातली निम्मी भांडणं त्याची पानं दाखवूनच होतात. त्यात गुडघ्यापर्यंत येणारी रजईसारखी शिवलेली मांडीची आवरणं दिसतात. तेव्हा आधी तुमचा आतला थर पक्का करा आणि मग माप घ्या.

दुसरी गोष्ट, पट्टा. कमरेच्या बारीक भागावर बांधलात तर तो सरकणारच. कमरेच्या हाडांच्या किंचित वर, रुंद, दुहेरी कापडाचा किंवा मऊ चामड्याचा. त्याला प्रत्येक पायाच्या तीन वाद्या: पुढे, बाहेरच्या बाजूला, आणि तिसरी बाहेरून जरा मागे. आतल्या बाजूला एकही नाही. मागची वादी सैल ठेवायची, नाहीतर बसताना पट्टा मागून ओढला जातो. बहुतेक लोक पुढे एकच वादी बांधतात, त्यामुळे सगळं वजन एका बिंदूवर येऊन पट्टा पुढून झुकतो आणि खाली येतो.

तिसरी गोष्ट, गुडघ्याखाली पट्टी. ही सर्वांत महत्त्वाची. जाळीवरून, गुडघा आणि पोटरीचा फुगवटा यांच्या मध्ये. तिच्यामुळे खालच्या अर्ध्या जाळीचं वजन पोटरीवर टेकतं आणि कमरेवर निम्मंच उरतं. शिवाय पट्टी बांधताना वरची जाळी जराशी उचलून गुडघ्यावर थोडा झोळ ठेवायचा. तो झोळ नसेल तर गुडघा वाकताना कमरेपासून सगळं ताणलं जातं. तुमचा पट्टा सरकण्याचं निम्मं कारण तेच असणार.

हे तीनही करून बघा. मग पोटरीला किती उरतंय ते सांगा.

सुई_दोरा

राजाभाऊ, +१. मला चिलखतातलं ओ की ठो कळत नाही, पण क्रोशाची पायमोज्यांची जोडी विणताना हेच असतं: पोटरीवरून घोट्याकडे येताना टाके कमी करायचे, एकदम नाही, काही ओळींनी एकेक. कड्यांत तसं होतं का? म्हणजे पाचर कापून शिवण घालण्याऐवजी दर चार-पाच ओळींनी एक कडी गाळायची?

राईनकाठचा_राजाभाऊ

ताई, अगदी तेच होतं! नेहमी एक कडी वरच्या ओळीतल्या दोन कड्या धरते. कमी करायच्या जागी तिला तीन धरायला लावायच्या, की पुढच्या ओळीत एक कडी कमी. वाढवायची असेल तर वरच्या एकाच कडीत एक जादा कडी टांगायची. जुनी अस्सल चिलखतं ज्यांनी कडी-कडी मोजून अभ्यासली त्यांना बाह्या आणि काखा अशाच आकारात आणलेल्या सापडल्या आहेत. म्हणजे त्या काळचा कारागीर नळी करून नंतर कापत नव्हता, करतानाच आकार देत होता. आजच्या रेडिमेड जोड्या सरळ नळ्या असतात, त्यात वेळ वाचतो. सगळं रडगाणं तिथून सुरू होतं.

पण तयार जाळीत मध्येच घट घालायची तर खालच्या सगळ्या ओळी सोडवाव्या लागतात. म्हणून दुरुस्तीत पाचरच सोपी.

बखरीतला_किडा

थोडी इतिहासाची फोडणी. पायांना जाळी ही आधी फार थोड्यांची चैन होती. बायोच्या भरतकामात, म्हणजे १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईच्या त्या लांबलचक पट्टीत, नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमसारख्या मोजक्या मंडळींच्या पायांवर ती दिसते, बाकीच्यांचे पाय उघडे किंवा पट्ट्या गुंडाळलेले. बाराव्या-तेराव्या शतकात ती सरदारांत सर्रास झाली. सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये विल्यम लाँगेस्पी नावाच्या सरदाराचा पुतळा आहे (मृत्यू १२२६), तो नखशिखांत जाळीत आहे. तुम्ही इंग्लंडात आहात तर जाऊन बघा, फोटोपेक्षा प्रत्यक्षात जाळीचा पडदा कसा पडतो ते कळतं. तेराव्या शतकाच्या मध्यापासून गुडघ्यावर पत्र्याच्या वाट्या यायला लागतात आणि पुढच्या शंभर वर्षांत पायांची जाळी पत्र्याला जागा देते.

आणि ती अभेद्य वगैरे नव्हती बरं का. जेराल्ड ऑफ वेल्स नावाचा पाद्री ११८८ मध्ये वेल्समधून फिरला, त्याने लिहून ठेवलंय की एका वेल्श तिरंदाजाचा बाण स्वाराच्या मांडीवरच्या लोखंडी जाळीतून, मांडीतून, खोगिरातून आरपार जाऊन घोड्याला लागला. अतिशयोक्ती किती हे ज्याने त्याने ठरवावं.

स्टॉकहोमचा_संत्या

पाय का झाकायचे याचं उत्तर आमच्याकडे हाडांत आहे. बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर व्हिस्बी शहराबाहेर २७ जुलै १३६१ ला डेन्मार्कच्या वाल्देमार राजाच्या सैन्यानं तिथल्या शेतकऱ्यांना कापून काढलं. मेलेले सामूहिक खड्ड्यांत पुरले, उन्हाळ्याचे दिवस म्हणून घाईत, कित्येकांना चिलखतासकट. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा हजाराहून जास्त माणसांचे सांगाडे मिळाले. जखमांचा मोठा वाटा गुडघ्याखालच्या हाडांवर. ढालीखालून पाय उघडा राहिला की तलवार तिकडेच जाणार.

दरवर्षी ऑगस्टमध्ये तिथे मध्ययुगीन सप्ताह असतो, अख्खं गाव जुन्या कपड्यांत. मागे गेलो होतो तेव्हा भर उन्हात एक गडी अशीच जाळी घालून आइस्क्रीमच्या रांगेत उभा होता. रांग पुढे सरकली की खळळ्.

बिनपाण्याची_मिसळ

"भैय्या एक कोन, और थोडा तेल भी देना, घुटना जाम है."

हाडांचा_डॉक्टर

राजाभाऊंच्या गुडघ्याखालच्या पट्टीबद्दल एक सावधगिरी, गंभीरपणे सांगतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाला एक हाडाचा उंचवटा लागतो. ते फिब्युलाचं डोकं. त्याच्या लगेच खालून कॉमन पेरोनिअल नर्व्ह हाडाला वळसा घालून जाते, वर कातडीशिवाय फारसं काही नाही. तिथे घट्ट पट्टी बराच वेळ राहिली तर पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, आणि दाब चालूच राहिला तर पाऊल वर उचलणं कठीण होतं, चालताना पंजा घासतो. पाय सतत आडवा टाकून बसणाऱ्यांत, चुकीचं प्लास्टर घातलेल्यांत हे आम्ही बघतो. बहुतेकदा बरं होतं, पण कधी कधी महिने लागतात.

म्हणून पट्टी रुंद असावी, तीन-चार सेंटीमीटर. बक्कल त्या उंचवट्यावर कधीही नको, पुढे किंवा आत. खाली लोकरीची घडी. आणि मुंग्या आल्या तर लढाई सोडा, पट्टी सोडा. सायमन तसाही हरणार आहे.

कडीकोयंडा

डॉक्टर, हे इथे एकानेही सांगितलं नव्हतं. माझं बक्कल नेमकं बाहेरच्या बाजूला येत होतं, आज फिरवते.

बखरीतला_किडा, सॉल्झबरी यादीत टाकलं. धन्यवाद.

परखड_बोल

हे सगळं ठीक. पण एक शंका. मोज्यासारखं पूर्ण बंद कशाला हवं? पुढून झाकलं तर बास की. वजनही निम्मं.

राईनकाठचा_राजाभाऊ

परखड राव, तुम्ही नकळत मुद्द्याला हात घातलात. तेही होतं! दोन्ही प्रकार चित्रांत आहेत. एक पूर्ण मोजा, दुसरा फक्त पुढून जाळीचा पट्टा आणि मागे वाद्यांनी आवळलेला. मी स्वतः दुसरा वापरतो. मागून घोट्यापासून मांडीपर्यंत उघडा, कडेला चामड्याची पट्टी, त्यात वाद्या. आतला थर हिवाळ्यात जाड, उन्हाळ्यात पातळ, माप जुळवून घेता येतं. गुडघ्यामागची घडी हा प्रश्नच मिटतो, कारण तिथे जाळी नाहीच. कडीकोयंडा ताई, खरं विचाराल तर पाचर काढण्यापेक्षा मागून उभी चीर मारून मोकळं व्हा.

स्टॉकहोमचा_संत्या

असहमत. घोड्यावरच्या माणसाला ठीक, त्याच्या पायाची मागची-आतली बाजू घोड्याला लागून असते. ताई पायी लढणार. आणि मागची वादी एकट्याने कशी बांधायची? दर वेळी कुणीतरी चाकर हवा.

राईनकाठचा_राजाभाऊ

चाकर तेव्हाही असायचाच. आणि पूर्ण मोजा तरी एकट्याने चढवून दाखवा. शिवाय बऱ्याच गटांत गुडघ्याखाली वार करायला मनाईच असते, बोथट हत्यार असलं तरी. मग मागचं रक्षण कुणापासून करायचंय?

स्टॉकहोमचा_संत्या

मग पुढचं तरी कशाला घालता? 😀 दिसायला बरोबर दिसावं म्हणूनच ना. मागून बघणाऱ्या प्रेक्षकानेही तिकीट काढलंय.

विंगेतला_प्रॉम्प्टर

प्रेक्षकावरून आठवलं. आमच्या ऐतिहासिक नाटकाच्या दौऱ्यात ड्रेपरीवाले जाळीचं चिलखत म्हणून जे द्यायचे ते जाड दोऱ्याचं विणलेलं बंडी असायचं, वर चंदेरी रंग. तिसऱ्या रांगेपासून पुढे अस्सल वाटायचं. घाम आला की रंग मानेला. एकदा सेनापतीची चंदेरी मान बघून पहिल्या रांगेतली आजी म्हणाली, "गळ्याशी काय लावलंय हो बाळाला?" अख्खा प्रवेश हसण्यात गेला.

सुई_दोरा

😂😂 विंगेतला_प्रॉम्प्टर, वेगळा धागा काढाच.

निवृत्त_फिटर

फोटो बघितला ताई. काम चांगलं आहे, रिवेट व्यवस्थित बसलेत, एखाद-दुसराच उघडा आहे. डाव्या मांडीच्या वरच्या कडेला एका रिवेटचं टोक वर आलंय, ते आधी दाबून घ्या, मोजे फाडेल.

चीर की पाचर या भांडणात मी पडत नाही. पण काहीही कापायच्या आधी कच्चा टाका घाला. बारीक तांब्याच्या तारेची तात्पुरती कडी करून, पिळून. ढगळ भाग चिमटीत धरून त्या तारेने आवळा आणि घालून फिरा, बसा, गुडघा टेका, जिना चढा. तांबं लाल असल्यामुळे कुठली रेषा धरली ते लांबून दिसतं. एकदा पटलं की मग कटर हातात.

आणि माप टेबलावर पसरून घेऊ नका. ही जाळी रुंदीला ताणली की लांबीला आखडते. फोटोत मांडीला ताणलेली दिसते, तिथे तिची लांबी गेलीय. मांडी मोकळी केली की तीच जाळी खाली येईल आणि घोट्यावर आणखी ढीग होईल. म्हणून उंचीचं काम सगळ्यात शेवटी. वरच्या कडेकडून कमी करा, पावलाकडून नाही, पावलाला आकार दिलेला आहे.

राईनकाठचा_राजाभाऊ

काका, तुम्ही चिलखत कधी केलं नाही म्हणालात ना? हे वाक्य मागे घ्या. रुंदी-लांबीचं हे नवख्यांना समजायलाच एक मोसम जातो. म्हणूनच कड्यांच्या ओळी पायाभोवती आडव्या असायला हव्यात. वजनाने लांबीला ओढली गेली की जाळी घेरात आपोआप आकसते आणि पायाला धरते. ओळी उभ्या लावल्या तर ती उघडी लटकते आणि पोटरीला जागाही देत नाही. काही स्वस्त जोड्यांत पाऊल तसं उलटं जोडलेलं असतं, तेवढं तपासून घ्या.

परखड_बोल

मी विरोध करायला आलो होतो आणि आता फिब्युला, रिवेट, ओळींची दिशा सगळं वाचून झालं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

बखरीतला_किडा

परखड_बोल, आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. आपल्याकडेही जाळी आणि पत्र्याचे तुकडे एकत्र गुंफलेली चिलखतं होती, मुघलांकडे, दख्खनेत, नंतर शिखांकडेही. त्यातलं सगळ्यात भारी नग मात्र इंग्लंडातच आहे: लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयातलं हत्तीचं चिलखत. जाळीत गुंफलेले पोलादी पत्रे, आज जेवढं उरलंय तेवढंच ११८ किलो. रॉबर्ट क्लाइव्हच्या सुनेबरोबर १८०१ मध्ये तिकडे गेलं.

बिनपाण्याची_मिसळ

त्या हत्तीने "पोटरीला ढगळ आहे हो" म्हटलं असेल तेव्हा माहुताचा चेहरा बघायला हवा होता.

कडीकोयंडा

मंडळी, अपडेट. 

राजाभाऊंच्या क्रमाने गेले. आत जाड लोकरी मोजे आणि मांडीला रजईसारखं शिवलेलं कापड (ते शिवायला नवऱ्याला बसवलं, शिवणयंत्र त्याचं आहे). पट्टा रुंद, हाडांच्या वर, तीन वाद्या. गुडघ्याखाली चार सेंटीमीटरची पट्टी, बक्कल आतल्या बाजूला. फरक जमीन-अस्मानाचा. पट्टा सरकणं थांबलं. घोट्यावरचा ढीग पुष्कळ कमी झाला, कारण खालचं वजन आता पट्टीवर आहे. पोटरीचा ढगळपणा राहिला, पण चालताना फडफडत होतं ते आता नाही.

मांडी मात्र आतल्या कापडामुळे आणखीच घट्ट झाली. तिथे फिटर काकांच्या पद्धतीने मागच्या-आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून वीतभर खाली उभी चीर घेतली, फक्त रिवेटच्या कड्या कापून. अखंड कड्या डबीत जमा. चिरेच्या दोन्ही कडांना वादी ओवली, आता बसताना सैल करता येते. जोडायचं काही नाही, म्हणून रिवेटची पकडही अजून लागली नाही.

पोटरीला तांब्याच्या तारेचा कच्चा टाका घातलाय, मागच्या बाजूला गुडघ्याखालच्या पट्टीपासून घोट्याच्या वरपर्यंत, खाली रुंद होत गेलेला लांब त्रिकोण. शनिवारी सरावाला तसंच घालून गेले. एकाने विचारलं, ही सोन्याची झालर कोणत्या घराण्याची.

गुडघ्यामागचं चिमटणं अजून आहे, पण कमी. राजाभाऊ आणि संत्या, तुम्ही दोघं भांडून मोकळे झालात तर सांगा: पूर्ण मागून न उघडता फक्त लवणीपुरती, बोटभर उंचीची आडवी फट ठेवली तर?

स्टॉकहोमचा_संत्या

फट चालेल, मी बघितली आहे. पण कडेच्या कड्या तुटायला लागतात कारण वाकताना सगळा ताण फटीच्या दोन टोकांवर येतो. टोकांना कडांभोवती चामडं शिवून घ्या.

राईनकाठचा_राजाभाऊ

इतकं ऐकूनही उभी चीर नकोच का? बरं. मग आडवी फट नको, त्याऐवजी लवणीत दोन-तीन ओळी थोड्या मोठ्या व्यासाच्या कड्यांच्या घाला. १० मिमीच्या मिळतात. मोठी कडी सैल असते, घडी मऊ पडते, चिमटा बसत नाही. हे अस्सल आहे असा माझा दावा नाही, आम्ही आमच्यापुरतं करतो. जाडी मात्र सारखीच ठेवा, नाहीतर मोठी कडी लवकर उघडते.

बखरीतला_किडा

दावा कुणीच करू नये. त्या काळच्या पायांच्या जाळ्या फार थोड्या टिकल्यात. मेलेल्याची जाळी दुसऱ्याने घालायची, मापात आणायची, उरलेल्या कड्यांनी भांडं घासायचं. आणि चित्रात डगल्याच्या आत काय बांधलंय ते दिसत नाही. पट्टा कसा होता, वाद्या किती, हे सगळे आपलेच अंदाज.

हाडांचा_डॉक्टर

मुंग्या?

कडीकोयंडा

नाहीत डॉक्टर. दोन्ही पाऊलं वर उचलून दाखवली असती, पण इथे व्हिडिओ टाकता येत नाही.

राजाभाऊ, १० मिमीच्या कड्यांची थैली मागवली आहे. पाचर कापायला या शनिवार-रविवारी बसते. आता शेवटचं: तळवा. पावलावर जाळी आहे, खाली मोकळी. ओल्या गवतात लोखंड घसरतं. आत बूट की बाहेर?

राईनकाठचा_राजाभाऊ

आत पातळ चामडी बूट, वरून जाळी, आणि तळव्याखालून दोन वाद्या, एक पंज्याजवळ, एक टाचेपुढे. जाळीचा तळवा अजिबात नको, गवतात बर्फावर चालल्यासारखं होतं. काही लोक जाळीच्या कडेला जाड चामड्याचा तळवा शिवतात. ते दिसायला छान आहे, पण तळवा झिजला की सगळं उसवावं लागतं. वाद्या तुटल्या तर पाच मिनिटांत बदलता येतात.

निवृत्त_फिटर

आणि गवतातून आल्यावर पुसून तेल. शिवणयंत्राचं तेल पातळ हात. घरात यंत्र आहेच म्हणालात. गंज धरला तर बादलीत कोरडी वाळू घालून झाकण लावा आणि लोळवा. पूर्वी पिंपात घालून लोळवायचे म्हणतात, तत्त्व तेच.

नवा_गडी_राज

काकांनो, माझ्याकडे मित्राने दिलेली जस्ताचा मुलामा असलेली जोडी आहे. रंग फार पांढरा दिसतो. गॅसवर तापवली तर काळी होईल का? आणि कड्या मऊ होऊन वाकवायला सोप्या होतील असं ऐकलं.

निवृत्त_फिटर

अजिबात तापवायची नाही. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंगवाल्यांना विचारा. मुलामा काढायचा तर व्हिनेगरमध्ये भिजवा, उघड्या गच्चीवर, झाकण न लावता, कारण वायू सुटतो तो पेट घेतो. जवळ विडी-काडी नाही. मुलामा गेल्यावर धुऊन, वाळवून, लगेच तेल. तुमच्या जोडीचा फोटो टाका आणि वेगळा धागा काढा, इथे ताईंचं काम चालू आहे.

बिनपाण्याची_मिसळ

नव्या धाग्याचं नाव सुचवतो: "काळी जोडी हवी, गॅस नको."

निवृत्त_फिटर

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)